अंडरकार्डचं भाकीत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे एमएमएच्या, मोठ्या कार्यक्रमात एका रात्रीत साधारण बारा-चौदा लढती होतात. पोस्टरवर मात्र दोनच चेहरे झळकतात. मुख्य लढतीच्या आधीच्या सगळ्या लढतींना अंडरकार्ड म्हणतात आणि त्यातल्या अगदी सुरुवातीच्या लढतींना प्रिलिम्स. अमेरिकेत शनिवारी रात्री होणाऱ्या कार्यक्रमाच्या प्रिलिम्स आपल्याकडे रविवारी पहाटे लागतात, त्यामुळे त्या फारसं कुणी पाहत नाही. पण भाकितं सगळ्याच लढतींची होतात, आणि ती फसतात ती बहुधा इथेच. फसण्याची कारणं ठरलेली आहेत. यूएफसी या सर्वांत मोठ्या संघटनेतली उदाहरणं घेऊन ती एकेक पाहू.

गैरसमज १: अंडरकार्डवर लढतात ते दुय्यम फायटर.

वस्तुस्थिती: लढतींचा क्रम केवळ दर्जावर ठरत नाही. कुणाच्या नावावर तिकिटं खपतात, कोणती लढत कुठल्या वाहिनीवर दाखवायची, यजमान शहराचा फायटर कोण, असे बरेच हिशेब त्यामागे असतात. १२ नोव्हेंबर २०१६ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या यूएफसी २०५ मध्ये खबीब नूरमगोमेदोव प्रिलिम्समध्ये लढला. तोवर तो एकदाही हरला नव्हता. पुढे तो लाइटवेट गटाचा विजेता झाला आणि अपराजितच निवृत्त झाला. मे २०२० मधल्या यूएफसी २४९ मध्ये माजी विजेता अँथनी पेटिस आणि डोनाल्ड सेरोनी यांची लढतही प्रिलिम्समध्येच लावली होती.

कॉनर मॅकग्रेगरची यूएफसीतली पहिली लढत एप्रिल २०१३ मध्ये स्टॉकहोमला झाली, तीही प्रिलिम्समध्ये. त्याने मार्कस ब्रिमेजला ६७ सेकंदांत संपवलं आणि वर ६० हजार डॉलरचा बोनस मिळवला. ॲलेक्स परेराने नोव्हेंबर २०२१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रिलिम्समधून सुरुवात केली. वर्षभराने त्याच ठिकाणी इझ्राएल अडेसान्याला हरवून तो मिडलवेटचा विजेता झाला.

फरक असतो तो माहितीत. मुख्य लढतीतल्या दोघांच्या दहा-पंधरा मोठ्या लढती आपण पाहिलेल्या असतात. प्रिलिम्समधल्या नवख्याचं छोट्या स्पर्धांमधलं थोडंफार चित्रण मिळालं तरी नशीब. त्यामुळे खेळ तोच असला तरी इथे अंदाज करणाऱ्याचे पाय जास्त डळमळीत असतात.

गैरसमज २: अपराजित फायटरचं पारडं जड.

वस्तुस्थिती: शून्य पराभव हा आकडा कुणाविरुद्ध मिळवला, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. उत्तराखंडचा अंशुल जुबली २१ ऑक्टोबर २०२३ रोजी अबू धाबीत यूएफसी २९४ मध्ये उतरला तेव्हा सातपैकी सात लढती जिंकलेला होता. समोरचा माइक ब्रीडन यूएफसीतल्या तिन्ही लढती हरलेला. कागदावर ही लढत एकतर्फी दिसत होती. तिसऱ्या फेरीत ब्रीडनने जुबलीला नॉकआउट केलं. ब्रीडनचे तीन पराभव वरच्या दर्जाच्या प्रतिस्पर्ध्यांकडून झालेले होते, जुबलीचे सात विजय त्या पातळीवरचे नव्हते.

उलटंही घडतं. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघायमध्ये महाराष्ट्राचा भरत खंडारे यूएफसीत लढणारा पहिला भारतीय ठरला. पहिल्याच फेरीत गिलोटिन चोकमध्ये त्याची मान सापडली आणि लढत संपली. त्याला हरवणारा साँग यादोंग तेव्हा १९ वर्षांचा होता आणि फारसा कुणाला माहीत नव्हता. पुढे हाच साँग बँटमवेटच्या क्रमवारीत चढला आणि त्याच्या नावावर मुख्य लढती लागल्या. त्या दिवशी खंडारेचा पराभव जेवढा मानहानिकारक वाटला, तेवढा तो नव्हता.

म्हणून रेकॉर्ड वाचताना तीन गोष्टी पाहायच्या: प्रतिस्पर्धी कोण होते, विजय कसे मिळाले, आणि शेवटची लढत कधी झाली.

गैरसमज ३: अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, म्हणजे अ हा क ला हरवणारच.

वस्तुस्थिती: हे गणित एमएमएत चालत नाही. महिलांच्या बँटमवेट गटातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. रोंडा राउझीने मीशा टेटला २०१२ आणि २०१३ मध्ये दोनदा हरवलं, दोन्ही वेळा आर्मबारने, म्हणजे हाताचा सांधा पिळून. नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला हॉली होमने राउझीला डोक्यावर लाथ मारून नॉकआउट केलं. मग होम टेटला सहज हरवेल असं वाटणं स्वाभाविक होतं. मार्च २०१६ मध्ये टेटने होमचा पाचव्या फेरीत गळा आवळला आणि पट्टा घेतला.

कारण शैलीत आहे. राउझीच्या ज्युदोला जवळीक लागते. मुष्टियुद्धातून आलेल्या होमने ती मिळूच दिली नाही. टेटने होमला जमिनीवर नेलं, आणि जमिनीवर होमचे ठोसे निरुपयोगी होते. टेटची जमिनीवरची कला राउझीसमोर मात्र तोकडी पडली होती. अंडरकार्डवर तर अशी साखळी जोडायलाही दुवे अपुरे असतात, म्हणून एखादा समान प्रतिस्पर्धी सापडला की लोक त्याच्यावर नको तेवढा भार टाकतात. त्याऐवजी विचारावं: ही लढत उभ्याने होईल की जमिनीवर, आणि ते ठरवण्याची ताकद दोघांपैकी कुणाकडे आहे?

गैरसमज ४: जो वर बसला, तो जिंकत आला.

वस्तुस्थिती: कुस्ती पाहून वाढलेल्या मराठी माणसाची इथे हमखास फसगत होते. आपल्या आखाड्यात पाठ टेकली की कुस्ती निकाली. एमएमएत पाठ टेकणं ही कधीकधी डावाची सुरुवात असते. डिसेंबर १९९४ मध्ये यूएफसी ४ च्या अंतिम लढतीत धिप्पाड कुस्तीगीर डॅन सेव्हर्नने रॉइस ग्रेसीला पंधरा मिनिटं खाली दाबून ठेवलं होतं. ग्रेसीने खालूनच पायांची ट्रँगल चोक आवळली आणि सेव्हर्नला हार मानावी लागली.

गुणांच्या बाबतीतही तेच. प्रतिस्पर्ध्याला खाली पाडलं म्हणून आपोआप फेरी मिळत नाही. पाडल्यावर काय केलं, किती इजा केली, चोक किंवा सांधा पिळण्याच्या किती जवळ पोचला, हे मोजलं जातं. नुसतं दाबून बसणाऱ्याला आजचे नियम फारसं काही देत नाहीत. म्हणून ‘हा कुस्तीगीर आहे, नियंत्रण ठेवेल’ एवढ्यावर भाकीत थांबलं तर ते अर्धवटच आहे.

गैरसमज ५: लढत गुणांवर गेली की निकाल उघड असतो, नाही लागला मनासारखा, तर आयोजकांची लबाडी.

वस्तुस्थिती: अमेरिकेत गुण देणारे तीन जज यूएफसी नेमत नाही, त्या राज्याचं ॲथलेटिक कमिशन नेमतं. ते पिंजऱ्याच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात. एकाला जो ठोसा स्पष्ट दिसतो, तो दुसऱ्याला पाठमोऱ्या अंगाआड जातो. प्रत्येक फेरी स्वतंत्र मोजतात. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९, फेरी फारच एकतर्फी असेल तर ८. आधी ठोसे, लाथा आणि पकडी यांचा परिणाम पाहायचा. त्यात बरोबरी असेल तरच आक्रमकता, आणि तिथेही बरोबरी असेल तरच पिंजऱ्यावरचा ताबा. ‘तो सारखा पुढे येत होता’ हा प्रेक्षकांचा आवडता मुद्दा यादीत बराच खाली आहे.

जून २०२४ मध्ये लुइव्हिलला उत्तर प्रदेशची पूजा तोमर यूएफसीत लढणारी पहिली भारतीय महिला ठरली. प्रिलिम्समधल्या त्या लढतीत ब्राझीलच्या रायान दोस सांतोसविरुद्ध एका जजने तिन्ही फेऱ्या पूजाला दिल्या, दुसऱ्याने तिन्ही रायानला, आणि तिसऱ्याच्या २९-२८ वर पूजा जिंकली. तिघांनी पाहिली ती लढत एकच होती. इतक्या चुरशीच्या लढतीचा विजेता आधी अचूक सांगितला, तर त्यात कौशल्य किती आणि योगायोग किती?

अंडरकार्डवर हा धोका जास्त असतो, कारण इथे पाच मिनिटांच्या तीनच फेऱ्या असतात. विजेतेपदाच्या आणि मुख्य लढती पाच फेऱ्यांच्या असतात. तीन फेऱ्यांत एक अटीतटीची फेरी इकडची तिकडे झाली की निकाल बदलतो. पहिल्या दोन फेऱ्या १०-९ ने घेतलेला फायटर तिसरी १०-८ ने हरला तर लढत २८-२८ अशी बरोबरीत सुटते. दमसास राखून उशिरा पेटणाऱ्यांना हा हिशेब महागात पडतो. पाच फेऱ्यांत त्यांना सावरायला वेळ असतो, इथे नसतो.

गैरसमज ६: कार्ड जाहीर झालं की भाकीत पक्कं करता येतं.

वस्तुस्थिती: शेवटच्या आठवड्यात कार्ड हमखास हलतं. कुणी सरावात जखमी होतो, कुणाचा व्हिसा अडकतो, आणि बदली फायटर थोड्या दिवसांच्या सूचनेवर येतो. त्याची तयारी अपुरी असते, पण समोरच्याने अभ्यास केलेला माणूसही बदललेला असतो. त्यामुळे बदली म्हणजे हरणार, असा नियम नाही. मार्च २०१६ मध्ये नेट डियाझने ११ दिवसांच्या सूचनेवर येऊन मॅकग्रेगरला दुसऱ्या फेरीत हार मानायला लावली. फेब्रुवारी २०१२ मध्ये २० वर्षांचा मॅक्स हॉलोवे घाईने बोलावला गेला आणि डस्टिन पोरिएकडून पहिल्याच फेरीत हरला. पाच वर्षांनी तो फेदरवेटचा विजेता होता. घाईत घेतलेल्या लढतीचा निकाल त्या रात्रीपुरता खरा, त्यावरून पुढची भाकितं बांधू नयेत.

आदल्या दिवशीचं वजनही पाहायलाच हवं. विजेतेपदाची नसलेल्या लढतीत गटाच्या मर्यादेवर एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमची सवलत मिळते. अनेक जण शरीरातलं पाणी काढून वजन उतरवतात आणि लढतीपर्यंत पुन्हा चढवतात. वजन चुकलं तर मानधनाचा काही भाग, बहुधा २० किंवा ३० टक्के, प्रतिस्पर्ध्याला जातो. चुकलेल्या वजनाचे दोन अर्थ निघू शकतात: शरीर साथ देत नाही, किंवा त्याने उतरवणं मध्येच सोडून ताकद राखली. काट्यावर चढताना पाय लटपटत होते का, चेहरा ओढलेला होता का, हे पाहिल्याशिवाय यातला खरा कोणता ते सांगता येत नाही.

गैरसमज ७: ज्याचा भाव कमी, तो जिंकणार, आणि चांगला जाणकार सगळी भाकितं बरोबर सांगतो.

वस्तुस्थिती: पैजा लावण्याशी आपल्याला कर्तव्य नाही, पण भाव म्हणजे शक्यतेचा एक जाहीर अंदाज असतो. तो वाचता आला पाहिजे. एकाचा भाव १.५० असेल तर १ भागिले १.५०, म्हणजे सुमारे ६७ टक्के. समोरच्याचा २.६० असेल तर सुमारे ३८ टक्के. बेरीज १०५ होते. वरचे पाच टक्के बुकीचा नफा. तो वगळला की पहिल्याची शक्यता ६३ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे पसंतीचा मानला गेलेला हा फायटर दर तीन लढतींत एकदा हरणं अपेक्षितच आहे. तो हरला की आपण ‘धक्कादायक निकाल’ म्हणतो, तेवढंच.

आता समजा बारा लढती आहेत आणि प्रत्येकीत पसंतीच्या फायटरची शक्यता दोन-तृतीयांश आहे. सरासरीने त्यातले चार जण हरतील. बाराही जण जिंकण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी, हजारात सात-आठ वेळा. एखाद्याने पूर्ण कार्ड अचूक सांगितलं तर त्याचं कौतुक जरूर करावं, पण पुढच्या आठवड्यात त्याच्याकडून तीच अपेक्षा ठेवू नये.

मग चांगलं भाकीत कसं असतं?

त्यात नावाआधी लढतीचं चित्र असतं. ती उभ्याने होईल की जमिनीवर, कुणाचा दम आधी संपेल, गुणांपर्यंत जाईल की आधीच निकाल लागेल. वजनगट लक्षात घ्यावा लागतो. १२० किलोपर्यंतच्या हेवीवेटमध्ये एक ठोसा पुरतो, ५७ किलोच्या फ्लायवेटमध्ये लढती गुणांवर जाण्याचं प्रमाण जास्त असतं. पिंजराही पाहावा लागतो. मोठ्या स्टेडियममधला पिंजरा ३० फूट रुंद असतो, लास वेगासच्या एपेक्स सभागृहातला २५ फूट. मागे सरत लांबून खेळणाऱ्याला तिथे पळायला जागा कमी मिळते.

आणि शेवटी आकडा लिहावा लागतो. ‘अमुक जिंकेल’ हे वाक्य बरोबर तरी ठरतं किंवा चूक, त्यातून शिकायला काही मिळत नाही. ‘सत्तर टक्के अमुक’ असं लिहून ठेवलं की वर्षभराने हिशेब मांडता येतो. सत्तर टक्के म्हणून सांगितलेल्या शंभर फायटरपैकी सत्तरच्या आसपास जिंकले, तर नजर बरोबर. पन्नासच जिंकले असतील तर ती फुशारकी होती. आणि पंच्याण्णव जिंकले असतील तर खूश होण्याचं कारण नाही, कारण जे स्पष्ट दिसत होतं तेही तुम्ही बिचकत सांगत होतात.