उंची घटली, कोन बिघडले

1959 साली डेट्रॉइटला ‘नॅशनल्स’ ही ड्रॅग शर्यत भरली, तेव्हा क्रायस्लरमधल्या काही तरुण इंजिनिअरांनी एक विचित्र गाडी आणली होती. 1949 ची प्लिमथ कूपे, पण जमिनीपासून इतकी वर उचललेली की बघणाऱ्याला हसू यावे. ‘हाय अँड मायटी’ या नावाने ती आजही ओळखली जाते, आणि तिच्या कर्त्यांचा ‘रॅमचार्जर्स’ हा क्लबही. ही उंची हौसेची नव्हती. गाडीचा गुरुत्वमध्य जितका वर, तितके सुटताना वजन मागच्या चाकांवर जास्त, आणि इंजिनाची ताकद रस्त्यावर उतरवायची ती मागच्याच चाकांनी. साठच्या दशकातल्या ‘गॅसर’ नावाच्या ड्रॅग गाड्याही नाक वर करूनच स्ट्रिपवर उभ्या राहत.

आजच्या मसल कारच्या मालकाला नेमके उलटे हवे असते. 1967 ची कॅमारो असो की 2011 ची मस्टँग, गाडी जमिनीला बिलगून बसलेली हवी. चाक आणि मडगार्डमध्ये जेमतेम दोन बोटांची फट उरली की ती देखणी. वळणावर ती झुकतेही कमी. मग एखाद्या रविवारी हीच गाडी ड्रॅग स्ट्रिपवर जाते आणि दिवा हिरवा होताच मागची चाके जागच्या जागी गरगरतात किंवा एक्सल थडथड उड्या मारू लागतो. दोष उंचीला दिला जातो. तो पूर्णपणे खरा नाही.

ड्रॅग शर्यत म्हणजे पाव मैल, 1,320 फूट, सरळ रेषेत. धाव संपल्यावर हाती पडणाऱ्या चिठ्ठीवर अंतिम वेळेबरोबर मधल्या टप्प्यांच्या वेळाही छापलेल्या असतात. जाणकाराची नजर आधी पहिल्या 60 फुटांच्या आकड्यावर जाते. या 18 मीटरमध्ये वाचलेला दशांश सेकंद शेवटच्या रेषेवर साधारण दीडपट होऊन मिळतो, असा स्ट्रिपवरचा हिशेब आहे. तिथे इंजिनापेक्षा गाडीच्या पोटाखालची जोडणी जास्त कामाला येते.

आता उंचीचे गणित. एसटी सुटताना उभा प्रवासी मागे कलतो, तसे गाडीचे वजनही मागे जाते. किती जाते, हे वजन, प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर यांवर ठरते. 2005 ते 2014 या पिढीच्या मस्टँगमध्ये हे अंतर 2.72 मीटर आहे. गाडी 1,600 किलोंची, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर आणि प्रवेग गुरुत्वाकर्षणाइतका धरला, तर सुमारे 295 किलो वजन मागे सरकते. आता गाडी एक इंच खाली आणा. हा आकडा 15 किलोंनी घटतो, म्हणजे जेमतेम पाच टक्क्यांनी. एवढ्याशा फरकाने चाके गरगरत नाहीत. खरे नुकसान गाडीखालच्या कोनांचे झालेले असते.

या मस्टँगचा मागचा एक्सल अखंड आहे. त्याला खाली दोन कंट्रोल आर्म, वर मधोमध एक आणि आडवा सरकू नये म्हणून एक पॅनहार्ड रॉड. टायर पुढे ढकलतो ते बळ खालच्या आर्ममधून बॉडीला मिळते. आर्मचे पुढचे टोक मागच्यापेक्षा किंचित वर असेल, तर तो बॉडीला पुढे आणि वर रेटतो, आणि त्याची प्रतिक्रिया टायरला रस्त्यावर दाबते. गाडी खाली आणली की बॉडीबरोबर आर्मचे पुढचे टोकही उतरते. कधी ते मागच्या टोकाच्याही खाली जाते. मग तेच बळ उलटे काम करते. बॉडी बसू लागते आणि टायरवरचा दाब ऐन गरजेच्या क्षणी हलका होतो.

बाजूने पाहताना वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा पुढे वाढवल्या तर त्या एका बिंदूत मिळतात. या काल्पनिक बिंदूतून एक्सल बॉडीला ढकलतो. बिंदू वर असेल तर टायरवर घाव जोरात बसतो, खाली असेल तर गाडीचा मागचा भाग बसतो. म्हणून खाली आणलेल्या मस्टँगला एक्सलच्या बाजूने ‘रिलोकेशन ब्रॅकेट’ जोडतात. आर्मचे मागचे टोक त्यामुळे एक-दोन छिद्रे खाली येते आणि आर्मला पूर्वीचा चढ परत मिळतो. पॅनहार्ड रॉडचेही तसेच. गाडी उतरली की तो एक्सलला एका बाजूला ढकलतो आणि रुंद टायर मडगार्डला घासतो. लांबी बदलता येणारा रॉड बसवून एक्सल पुन्हा मधोमध आणावा लागतो.

दुसरा कोन पिनियनचा. ट्रक, जीप किंवा सुमो उघडणाऱ्या आपल्याकडच्या मिस्त्रींना प्रोपेलर शाफ्ट, क्रॉस, क्राऊन-पिनियन हे शब्द सवयीचे आहेत. मसल कारच्या पोटाखालीही हीच मंडळी असतात, पण त्यांच्यावरचा भार फार मोठा. 2011 च्या मस्टँग जीटीचे इंजिन 529 न्यूटन-मीटर टॉर्क देते. पहिला गियर 3.66 आणि क्राऊन-पिनियन 3.73 चे असेल, तर घर्षणाची तूट सोडून मागच्या एक्सलवर 7,200 न्यूटन-मीटर उतरतात. चाके पुढे फिरतात तसे हाऊसिंग उलट्या दिशेने पिळले जाते आणि पिनियनचे नाक वर उचलले जाते. म्हणून गाडी उभी असताना ते मुद्दाम थोडे खाली झुकवून ठेवतात, म्हणजे जोर आल्यावर पिनियन गियरबॉक्सच्या रेषेला समांतर येतो. दोन्ही टोकांचे क्रॉस सारख्याच कोनात फिरले तरच एकाचा झटका दुसरा खोडून काढतो. नाहीतर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोनदा धक्का बसतो.

किती झुकवायचे, हे आर्मच्या टोकांचे बुश ठरवते. कडक बुशच्या गाडीला एक-दोन अंश पुरतात, पाट्यांच्या गाडीला पाच-सहापर्यंत जावे लागते. गाडी खाली आणली की हा कोन आपोआप बदलतो. लांबी बदलता येणारा वरचा आर्म त्यासाठीच असतो. मोजताना गाडीचा भार चाकांवरच हवा. जॅकवर टांगलेल्या गाडीचा कोन खोटा असतो.

शाफ्टच्या वेगाचाही अंदाज हवा. 26 इंची टायरवर गाडी ताशी 193 किलोमीटरला पोचली, की 3.73 च्या हिशेबाने शाफ्ट मिनिटाला सुमारे 5,800 फेरे घेत असतो. त्या वेगात पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे टोक जमिनीत रुतून गाडी उलटू शकते. म्हणूनच वेगवान गाड्यांना पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत शाफ्टभोवती पोलादी कडे बसवण्याचा अमेरिकी ड्रॅग रेसिंग संघटनेचा, म्हणजे एनएचआरएचा, नियम आहे.

पाट्यांच्या जुन्या गाड्यांची कहाणी वेगळी. 1967 च्या कॅमारोला मागे एकाच पानाचा पाटा होता. जोर दिला की तो इंग्रजी एस अक्षरासारखा वळायचा, सुटायचा, पुन्हा वळायचा, आणि चाके उड्या मारायची. पुढच्याच वर्षी शेवरलेने एक शॉक एक्सलच्या पुढे आणि एक मागे बसवला, तर ताकदवान मॉडेलना अनेक पानांचे पाटे दिले. क्रायस्लरने आपल्या ‘सुपर स्टॉक’ पाट्यांत डावा आणि उजवा वेगवेगळाच बनवला. शाफ्टच्या पिळाने एक्सलची उजवी बाजू उचलली जाते, म्हणून उजवा पाटा जास्त ताठ. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत तेच काम उजव्या स्प्रिंगमधली हवेची पिशवी किंवा मागचा जाड अँटी-रोल बार करतो. पाट्याची गाडी खाली आणायला पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालण्याची पद्धत आहे. दिसायला हा सर्वात स्वस्त उपाय, पण ठोकळा जितका जाड तितकी पाट्याला पिळणारी तरफ लांब. त्यामुळे ठोकळ्यासोबत पाट्याचा पीळ रोखणारे ट्रॅक्शन बारही लागतात.

तिसरी अडचण चालीची. खाली आणलेल्या गाडीत एक्सल आणि बम्प स्टॉप यांच्यामध्ये जागा कमी उरते. सुटताना मागचा भाग बसला आणि रबरावर आदळला, की स्प्रिंग एकदम दगड होते आणि टायरची पकड सुटते. पुढच्या बाजूला उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा बहुधा कडक असतात, तर ड्रॅगला हवी मऊ आणि लांब स्प्रिंग, जी दबलेली असतानाच नाक उचलायला टपलेली असते. तिच्या जोडीला सहज उघडणारे पण सावकाश मिटणारे शॉक देतात, म्हणजे वर गेलेले नाक लगेच परतत नाही. कारखान्यांनीही हे मान्य केले आहे. 2018 च्या डॉज चॅलेंजर डीमनला चॅलेंजरच्याच हेलकॅट आवृत्तीपेक्षा पुढे 35 आणि मागे 28 टक्के मऊ स्प्रिंगा दिल्या गेल्या. ती रस्त्यावर चालवायचा परवाना असलेली गाडी, पण पाव मैल 9.65 सेकंदांत.

आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’मध्ये गाड्या सरळ रेषेत पळतात. भारतात 2016 पासून विकल्या गेलेल्या मस्टँगची मागची दोन्ही चाके मात्र स्वतंत्रपणे लटकलेली आहेत. तिथे डिफरन्शियल बॉडीखालच्या सबफ्रेमला बांधलेले असते, म्हणून पहिले लक्ष त्या सबफ्रेमच्या बुशकडे द्यावे लागते. एक्सलच्या ब्रॅकेटचा तिथे उपयोग नाही.

अखंड एक्सलची गाडी खाली आणायचीच असेल, तर खर्चाचा क्रम सांभाळा. आधी टायर, मग खालच्या आर्मचा कोन, मग पिनियन, मग शॉक, आणि घोडाशक्ती सर्वात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि 60 फुटांच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने वेळ सुधारली हे कळायला मार्ग उरत नाही. देखणी आणि वेगवान अशी खालची गाडी बनवता येते, पण स्प्रिंगांवर जेवढा पैसा घालाल, तेवढाच कोन सुधारण्यासाठीही बाजूला ठेवा.