नातीच्या दातांना तारा की अलाइनर?

जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या सुमारास एक आजोबा रक्तदाब तपासून घेण्यासाठी माझ्या दवाखान्यात आले होते. दंडावरचा पट्टा सोडला तरी ते खुर्चीवरून उठेनात. "डॉक्टर, मुदतठेव मोडायचीय. त्याआधी तुम्हाला विचारावं म्हटलं," ते म्हणाले. चौदा वर्षांच्या नातीचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले. वर्गात मुली चिडवतात, म्हणून ती फोटोतही ओठ मिटून उभी राहते. दंतवैद्यांनी दोन्ही उपाय चालतील असे सांगितले होते. नातीला तारा नको होत्या, कोणाला न दिसणारे पारदर्शक अलाइनरच हवे होते. त्यांचा खर्च तारांच्या दुपटीहून अधिक होता आणि तो देण्याचे आजोबांनी घरात जाहीर करून टाकले होते.

मी दंतवैद्य नाही, हे मी त्यांना प्रथम सांगितले. परंतु घरोघरची मुले लहानाची मोठी होताना पाहिल्यामुळे एवढे निश्चित सांगू शकते, की या निवडीत दिसणे-न दिसणे हा लहान भाग आहे. मोठा भाग आहे तो दिवसाच्या बावीस तासांचा.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती सूक्ष्म तंतूंचे पातळ अस्तर असते. दातावर हलका पण सातत्याने दाब दिला, की ज्या बाजूस तो सरकतो तेथील हाड विरते आणि मागे राहिलेल्या जागी नवे हाड भरते. हे काम संथपणे चालते व दाब वारंवार सुटला तर ते रेंगाळते. तारांमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. ब्रॅकेट दातांना चिकटवलेले असल्यामुळे मूल झोपले, रुसले, विसरले तरी दाब चालू राहतो. अलाइनर मात्र काढता येतो. दिवसाचे २० ते २२ तास तो दातांवर असावा लागतो आणि साधारण एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा चढवायचा असतो.

आता आपल्या घरातील मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळचे दूध, मधल्या सुट्टीतला डबा, दुपारचे जेवण, शिकवणीआधी काहीतरी, रात्रीचे जेवण. पाण्याखेरीज काहीही तोंडात घालायचे तर अलाइनर काढावा लागतो आणि दात स्वच्छ करूनच तो पुन्हा बसवावा लागतो. गरम चहा-दुधाने त्याचे प्लास्टिक वाकते. म्हणजे सगळ्या खाण्यापिण्यासाठी मिळून दोन-तीन तास. येथे आपण आजी-आजोबाच आडवे येतो, हे मान्य करायला हवे. "एक लाडू खाऊन जा गं" या आपल्या प्रेमापायी अर्धा तास सहज जातो. शिवाय जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेला अलाइनर उष्ट्याबरोबर कचऱ्यात जाणे हे नेहमीचेच. डबीशिवाय तो तोंडाबाहेर काढायचा नाही, असा नियम घरात हवा.

तारांचा जाच निराळा. त्या आवळल्यावर पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात. तेव्हा मऊ भात, खिमट, उपमा द्यावा. चिक्की, ऊस, कडक चकली वर्ज्य. पेरूच्या पातळ फोडी करून द्याव्यात. तार गालाला टोचू लागली तर दंतवैद्यांनी दिलेले मेण टोकावर लावावे, मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भराव्यात व त्यांची वेळ घ्यावी. घरी पक्कड चालवू नये. हळदीने रबरे पिवळी पडतात, त्याची चिंता नको, ती पुढच्या भेटीत बदलतात. चिंता करावी ती ब्रॅकेटभोवती साचणाऱ्या अन्नाची. ब्रश नीट झाला नाही तर तारा निघाल्यावर दातांवर पांढरे डाग उरतात, आणि ते सहजी जात नाहीत.

काही मुलांच्या बाबतीत निवडीला फारसा वाव नसतो. सुळा हाडात अडकलेला असेल किंवा दात काढून मोठी फट मिटवायची असेल, तर बहुधा तारांनीच अधिक नेमके काम होते. खालचा जबडा मागे राहिला असेल तर वाढीच्या वयातच वेगळे उपकरण लागते आणि ते वय टळले की ती संधी जाते. दाटी किंवा फटी बेताच्या असतील तर अलाइनर उत्तम काम देतात. हे एक्स-रे व तपासणीशिवाय कळत नाही; म्हणून तोंडाचा साचा घरच्या घरी घेऊन टपालाने येणाऱ्या अलाइनरच्या वाटेला मुलांना नेऊ नका. ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेल्या डॉक्टरांकडे जा. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करा. तेथे थांबावे लागते, पण उपचार देखरेखीखाली होतात.

एक गोष्ट मात्र माझ्या क्षेत्रातली. खोट्या कानातल्यांनी मुलीचे कान चिघळत असतील तर ते दंतवैद्यांना आवर्जून सांगा, कारण तारांमध्ये निकेल असते. जन्मजात हृदयविकार आणि फिट्सवरची औषधेही सांगावीत. त्यांतील काही औषधांनी हिरड्या सुजतात.

आजोबांना मी एकच सुचवले, नातीला एकटीला बसवून विचारा. आठ दिवसांनी ते तिला घेऊनच आले. ती खाली मान घालून म्हणाली, "शाळेत मी काढूनच ठेवीन. ते घातल्यावर सुरुवातीला बोलताना अडखळायला होतं म्हणे, मग अजून हसतील." इतके सरळ उत्तर मोठ्यांकडूनही क्वचित मिळते. दंतवैद्यांशी बोलून तिच्या वरच्या दातांना दाताच्याच रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट आणि खाली नेहमीचे धातूचे, असे ठरले. सिरॅमिक जरा ठिसूळ आणि साध्या ब्रॅकेटपेक्षा महाग, पण ठेव पूर्ण मोडावी लागली नाही.

निघताना मी त्यांना रिटेनरबद्दल बजावले. तारा असोत वा अलाइनर, उपचार संपल्यावर दात पुन्हा जुन्या जागेकडे सरकू पाहतात. त्यांना धरून ठेवणारा रिटेनर पुढे वर्षानुवर्षे रात्री लावावा लागतो. माझ्या मुलाचा रिटेनर बारावीच्या वर्षी हरवला. परीक्षा होऊ दे, मग पाहू, असे मीच म्हटले. आज त्याचा खालचा एक दात पुन्हा तिरका आहे आणि जेवताना समोर बसला, की माझी नजर तिथेच जाते.