मेंदूतील गाठ आणि बालरुग्ण : अचूक किरणोपचारांनी काय साधले?

मुंबई : मेंदूत गाठ असलेल्या बालकांच्या उपचारांचे यश बराच काळ मुख्यतः एकाच निकषावर मोजले जात होते. तो निकष म्हणजे मूल किती वर्षे जगले. टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेल्या एका दीर्घ अभ्यासाने त्याला दुसऱ्या प्रश्नाची जोड दिली : वाचलेले मूल पुढे कसे जगते?

किरणोपचारात उच्च ऊर्जेचे किरण गाठीतील पेशींची गुणसूत्रे तोडतात आणि त्यांची वाढ थांबवतात. मात्र गाठीपर्यंत पोहोचताना हे किरण निरोगी मेंदूतूनही जातात. लहान वयात मेंदू घडत असतो. त्यामुळे स्मरणशक्ती, एकाग्रता आणि आकलनाचा वेग यांना धक्का बसू शकतो. पीयूषिका ग्रंथी व तिच्याजवळील हायपोथॅलॅमसवर मारा झाल्यास संप्रेरके कमी पडून उंची खुंटते किंवा वयात येण्याची प्रक्रिया बिघडते. हे परिणाम अनेकदा उपचारानंतर काही महिन्यांनी अथवा वर्षांनी दिसू लागतात.

या अभ्यासात 2001 ते 2012 या काळात मंद गतीने वाढणाऱ्या गाठी असलेले 3 ते 25 वयोगटातील 200 रुग्ण सहभागी झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने त्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला पारंपरिक किरणोपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्रिमितीय प्रतिमांच्या आधारे गाठीच्या आकाराबरहुकूम बेतलेले ‘स्टिरिओटॅक्टिक’ किरणोपचार मिळाले. दोन्ही गटांना मात्रा सारखीच होती : 30 बैठकांत 54 ग्रे. याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पाच वर्षांनी अचूक उपचारांच्या गटातील 86 टक्के, तर पारंपरिक गटातील 91 टक्के रुग्ण हयात होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. म्हणजे किरणांचे क्षेत्र आटोपशीर केल्यामुळे जगण्याची शक्यता घटल्याचे दिसले नाही. अचूक उपचार मिळालेल्यांचा बुद्ध्यांक मात्र तुलनेने अधिक चांगला टिकला. नव्याने उद्भवलेल्या संप्रेरक-विकारांचे प्रमाण त्यांच्यात 31 टक्के होते. पारंपरिक गटात ते 51 टक्के होते.

ही आकडेवारी आशादायक असली तरी तिची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. अचूक उपचारांनंतरही दहापैकी सुमारे तीन रुग्णांना संप्रेरकांचा त्रास झालाच. शिवाय हे निष्कर्ष मंद वाढीच्या गाठींपुरते आहेत. मेड्युलोब्लास्टोमासारख्या वेगाने पसरणाऱ्या गाठींत संपूर्ण मेंदू व मणक्याला किरण द्यावे लागतात, तेथे बचावाला वाव कमी असतो.

म्हणूनच गाठ आटोक्यात आली की उपचार संपले, असे मानणे धोक्याचे ठरते. उंची, वजन आणि संप्रेरकांची नियमित तपासणी अनेक वर्षे सुरू राहायला हवी. संप्रेरकांची उणीव वेळीच लक्षात आल्यास ती बहुधा औषधांनी भरून काढता येते. अभ्यासात मागे पडणारे मूल आळशी नसते; त्याला शाळेत अधिक वेळ आणि आधार लागतो. पालकांइतकेच हे शिक्षकांनीही जाणून घेणे आवश्यक आहे.