शंभर वर्षांचा पूर दोन वर्षांत परत कसा येतो?

पंचगंगेने २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला वेढा घातला आणि २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा घातला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. दोन्ही वेळा पाणी धोक्याच्या पातळीच्याही दहा फुटांहून अधिक वर चढले. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर दोनच वर्षांत परत कसा आला?’ हा प्रश्न तेव्हापासून लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचा समज चुकीचा आहे, आणि आपले शहर नियोजनही त्याच समजावर चालते ही खरी चिंतेची बाब. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी ज्याची शक्यता एक टक्का असते तो पूर. फाशाला आधीचे दान आठवत नाही, तसे नदीला मागचे वर्ष आठवत नाही. तीस वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के निघते, आणि पंचवीस वर्षांच्या पुराची तब्बल ७१ टक्के. महाराष्ट्रात निळी पूररेषा ढोबळमानाने या पंचवीस वर्षांच्या पुरावर आखतात आणि लाल रेषा शंभर वर्षांच्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी, असा साधारण नियम आहे. म्हणजे निळ्या रेषेला अगदी लागून घर घेणाऱ्याच्या दारात कर्ज फिटायच्या आत पाणी येण्याचीच शक्यता जास्त. हे त्याला कोणी सांगत नाही. नकाशा पाहून तो इतकेच समजतो की आपण रेषेच्या बाहेर आहोत.

हे गणित ज्यांच्यामुळे जगभरच्या अभियंत्यांच्या हाती आले, त्या एमिल गुम्बेल यांचे नाव आपल्या अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत एका सूत्रापुरते उरले आहे. त्यांची गोष्ट त्या सूत्राहून मोठी आहे. १८९१मध्ये म्युनिकला जन्मलेला हा संख्याशास्त्रज्ञ कट्टर युद्धविरोधी होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत झालेल्या राजकीय खुनांची त्यांनी एकेक करून नोंद केली आणि १९२२मध्ये ती छापली: उजव्यांनी केलेले ३५४ खून, डाव्यांनी केलेले २२. त्या २२पैकी बहुतेक खुनांना कडक शिक्षा झाल्या, ३५४ मधले बहुतेक मारेकरी मोकळे राहिले. नाझी विद्यार्थ्यांनी उठवलेल्या वादळात १९३२ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने त्यांचा शिकवण्याचा अधिकार काढून घेतला. फ्रान्समध्ये काही वर्षे काढून ते १९४० साली अमेरिकेत पोहोचले, आणि पुढच्याच वर्षी पुरांच्या पुनरावृत्तीवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दर वर्षीचा सर्वांत मोठा प्रवाह घ्या, त्या आकड्यांची मांडणी करा, आणि नोंदीत न दिसलेल्या मोठ्या पुराची शक्यता त्यातून काढा, ही त्यांची रीत. मला भावतो तो त्यांचा काटेकोरपणा. आकड्यांतून काय निघते आणि काय निघत नाही, हे त्यांना नेमके कळत होते.

कारण या रीतीला एक अट आहे: नदी तीच राहिली पाहिजे. खोरे तेच, पात्र तेच, पावसाची जात तीच. आपण तर पात्रच बदलतो आहोत. पूरपट्ट्यातल्या एक एकर भूखंडावर दोन मीटर भराव घातला, की सुमारे ८० लाख लिटर पाण्याची जागा जाते. ते पाणी शेजारच्या वस्तीत, वरच्या गावात शिरते. एका भूखंडाने पातळी नजरेत भरेल इतकी वाढत नाही, म्हणून परवानगी मिळते. पुढच्यालाही त्याच कारणाने मिळते. प्रत्येक प्रकरण वेगळे तपासले जाते आणि सगळ्यांची बेरीज कोणत्याच फाइलमध्ये नसते. पाचशे मीटरला एक मीटर अशा मंद उताराच्या जमिनीवर पातळी अर्धा मीटर वाढली, तर पाण्याची कड अडीचशे मीटर आत सरकते. रेषा मात्र नकाशावर होती तिथेच असते. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकवर आणि लाल रेषा एक लाख क्युसेकवर धरली आहे. तरी २५ जुलै २०२४ला खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक सुटले असताना सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी होते. धरणाखाली पडलेल्या पावसाची भर त्यात होती हे खरे. पण धरणाचा विसर्ग निळ्या रेषेच्या आकड्याच्या जवळपासही पोहोचला नसताना घरे बुडतात, तेव्हा पात्रातला भराव आणि राडारोडा धरून त्या रेषेचे गणित नव्याने मांडायलाच हवे.

यावर पहिला आक्षेप असतो की जोते उंच केले, खाली पार्किंग ठेवले, मग काय बिघडते? मोकळ्या खांबांवरची इमारत भरावापेक्षा नक्कीच बरी. पण चार दिवस वीज, पाणी आणि रस्ता नसलेल्या सहाव्या मजल्यावर डायलिसिसचा रुग्ण असेल तर जोत्याची उंची त्याच्या कामाची नाही. म्हणून दवाखाने, शाळा, वीज उपकेंद्रे यांना लाल रेषाही पुरेशी मानू नये. दुसरा आक्षेप अभियंत्यांचा: नोंदी थोड्या वर्षांच्या, पाऊस बदलता, मग इतक्या कच्च्या आकड्यावर कोणाची जमीन का अडवायची? आकडा कच्चा आहे हे मान्य. पण चूक दोन्ही बाजूंना होऊ शकते, आणि कमी धरल्याची किंमत माणसे मोजतात. एका बारीक रेघेऐवजी पाण्याच्या खोलीचे आणि शक्यतेचे पट्टे नकाशावर दाखवले, तर ही अनिश्चितता घर घेणाऱ्यालाही दिसेल. तिसरा आक्षेप जमीनमालकाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन एका रेषेने कवडीमोल होत असेल तर तो भराव घालणारच. त्याला मोबदला किंवा दुसरीकडे वापरता येईल असा बांधकाम हक्क देणे भाग आहे. नेदरलँड्समध्ये नायमेखनजवळ वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे घेतला, त्यासाठी सुमारे पन्नास घरे हलवली आणि नदीला दुसरे पात्र खोदून दिले. खर्च मोठा झाला. आपल्याकडे ज्या पट्ट्यात अजून ऊस उभा आहे, तिथे हेच काम घरे उठवण्याआधी, निव्वळ मोबदल्यावर होऊ शकते. आणि तोवर तो पट्टा भरावाखाली जाऊ नये म्हणून परवानगीच्या प्रत्येक अर्जासोबत आजवरच्या सगळ्या भरावांची बेरीज आणि तिने वाढणारी पातळी जोडणे सक्तीचे करायला हवे.