दोन लाखांची दुर्बीण बिघडली, आता न्यायची कुठे?

मोबाईल बिघडला तर तपकीर गल्लीत तासाभरात कुणीतरी उघडून बघतो. दुर्बिणीचं तसं नाही. मुलांना शनीची कडी दाखवायची, ईदचा चाँद गच्चीवरून बघायचा, म्हणून काही कुटुंबं हौसेने महागडी दुर्बीण घेतात. आम्हीही घेतली. आठ इंची, कॉम्प्युटरवर चालणारी, दोन लाखांच्या पुढची. दुसऱ्याच पावसाळ्यात पुढच्या काचेवर आतून बुरशीचे धागे दिसले.

विकणाऱ्याने सांगितलं, "कंपनीकडे पाठवावी लागेल, किती दिवस लागतील सांगता येत नाही." पाठवायची म्हणजे परदेशात. दुरुस्तीसाठी जात असल्याची कस्टम्समध्ये नीट नोंद केली नाही, तर आपलीच वस्तू परत येताना तिच्या पूर्ण किमतीवर ड्युटी लागू शकते. शिवाय कुरिअर आणि विमा. आम्ही घाबरलो आणि एका कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने काच काढून लख्ख पुसून दिली. पण त्या रात्री गुरू पसरलेला दिसला, नुसता धुरकट गोळा!

कारण नंतर कळलं. या प्रकारच्या दुर्बिणीत पुढची काच साधी नसते. तिचा आकार मागच्या आरशाचा दोष भरून काढतो आणि ती ठरावीक दिशेनेच बसवलेली असते. काढण्यापूर्वी काचेवर आणि नळीवर पेन्सिलने खूण करायची असते. आमच्या कारागिराने काम मन लावून केलं, पण ही गोष्ट त्याला कोण सांगणार? आणि नळी उघडल्यामुळे वॉरंटीही गेली.

पुण्याला ही अडचण नवी नाही. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून इथल्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नेगमवाला हे पारशी प्राध्यापक ती चालवत. तिथली 20 इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वात मोठी होती. नेगमवाला निवृत्त झाले आणि 1912 मध्ये वेधशाळा बंद पडली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. यंत्र असून भागत नाही, ते सांभाळणारा माणूस लागतो.

तसे जाणकार पुण्यात आजही आहेत, हे आम्हाला उशिरा समजलं. टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी लोकांसाठी काम करते. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकाने शाळकरी मुलांनाही आरसा घासून दुर्बीण बनवायला शिकवलं आहे. दुकानदाराच्या आधी अशा लोकांना विचारायला हवं होतं. शेवटी एका जुन्या हौशी निरीक्षकाने आमची काच फिरवून जागेवर आणली. पुढचे तीन छोटे स्क्रू किंचित फिरवून आरसे एका रेषेत आणायचे, हेही शिकवलं. एखाद्या ताऱ्यावर फोकस थोडा बिघडवला की गोल कडी दिसते. तिचं मधलं काळं वर्तुळ एका बाजूला सरकलेलं असेल तर आरसे हललेत. हे काम घरी होतं, पैसे द्यायची गरज नाही.

बुरशी मात्र येऊच देऊ नये. दवाने ओली झालेली दुर्बीण झाकण लावून पेटीत ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि आम्ही नेमकी तीच करत होतो. आधी खोलीत कोरडी होऊ द्या, मग बंद करा. पेटीत सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की ते गरम करून वाळवा. थोडी धूळ असेल तर राहू द्या. रुमालाने घासलं तर आरशावरचा ॲल्युमिनियमचा पातळ लेप जातो आणि तो पुन्हा चढवायला निर्वात यंत्र लागतं.

मोटर गुरूऐवजी समोरच्या बिल्डिंगकडे वळते? लगेच बोर्ड गेला असं समजू नका. बॅटरी उतरली आहे का, प्लग सैल आहे का, ते बघा. तारीखही तपासा. काही यंत्रांत अमेरिकन पद्धतीने महिना आधी टाकावा लागतो. 5 ऑगस्टचा 8 मे झाला की बिचारी दुर्बीण भरकटणारच.

आमचा बोर्ड मात्र खरंच गेला आहे आणि सुटा भाग अजून मिळालेला नाही. नशिबाने नळी स्टँडपासून वेगळी होते. ती आता हाताने फिरणाऱ्या साध्या स्टँडवर बसवली आहे. नवीन घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी एवढं जरूर विचारावं: नळी सुटी होते का, बोर्ड गेला तर तो भारतात मिळतो का, आणि हे उत्तर बिलावर लिहून देणार का?