रिकाम्या जागांचं दशक

सूर्य मावळला की घरातले फिलिप्स ह्यू दिवे आपोआप लागावेत, एवढ्यासाठी पॉलस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याचंच पुढे होम असिस्टंट झालं. २०१५ मध्ये त्याच्या सेटिंगची फाईल ‘यॅमल’ पद्धतीने लिहिली जाऊ लागली आणि घर चालवणाऱ्या हौशी मंडळींना रिकाम्या जागा मोजायची सवय लागली.

यॅमल २००१ पासूनचं. माणसाला सहज वाचता यावं म्हणून त्यात कंसांची गर्दी टाळलेली. कोणती ओळ कोणत्या ओळीच्या पोटात आहे, हे तिच्या आधीच्या स्पेसवरूनच ठरतं. त्या जागी टॅब मात्र चालत नाही, कारण टॅबची रुंदी प्रत्येक एडिटर आपापल्या मर्जीने दाखवतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच कोरे दिसतात आणि प्रोग्रॅम मात्र एकावर अडून बसतो.

सुरुवातीच्या काळात ही चूक महागात पडे. छोट्याशा रास्पबेरी पाय संगणकावर फाईल बदलायची, होम असिस्टंट रीस्टार्ट करायचं आणि वाट बघायची. एखादी स्पेस चुकली असेल तर अख्खी यंत्रणाच उठत नसे. लॉग उघडला की ‘मॅपिंग व्हॅल्यूज आर नॉट अलाउड हिअर’ असा शेरा आणि सोबत ओळीचा क्रमांक. नवखा माणूस नेमका तिथेच फसे, कारण वाचता वाचता प्रोग्रॅम जिथे अडखळला तिथला तो क्रमांक असतो. खरी चूक बऱ्याचदा एक-दोन ओळी वर दडलेली असते. म्हणून जाणकार आधी वरची ओळ बघायला सांगत. तेवढ्याने भागलं नाही तर नवा मजकूर कॉमेंट करून बाजूला ठेवायचा आणि तुकड्यातुकड्याने परत आणायचा.

रीस्टार्टच्या आधीच फाईल तपासणारी ‘चेक कॉन्फिग’ स्क्रिप्ट आली, पुढे तीच तपासणी पडद्यावरच्या बटणावर आली. २०१७ मध्ये ऑटोमेशन माउसने रचता येणारा एडिटर मिळाला. व्हिज्युअल स्टुडिओ कोडचं एक्स्टेंशन आल्यावर तर टाइप करतानाच चुकीच्या ओळीखाली लाल रेघ उमटू लागली. २०२० मध्ये सेफ मोड आला, त्यामुळे फाईल बिघडली तरी दुरुस्तीपुरता पडदा उघडायचा. त्याच वर्षी प्रकल्पाने ठरवलं, की उपकरणांशी किंवा सेवांशी बोलणारी नवी इंटिग्रेशन्स यॅमलऐवजी पडद्यावरूनच जोडायची. जुन्या वापरकर्त्यांपैकी अनेकांना हे रुचलं नाही. हाताने लिहिलेली फाईल जपून ठेवता येते, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक बघता येतो, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्या सोयी ओरडणाऱ्या चुकांवरच्या होत्या. २०२० च्याच जुलैत ऑटोमेशनमध्ये ‘चूज’ आलं. अट पाळली गेली तर ही कृती, नाहीतर ती, असे फाटे एकाच ऑटोमेशनमध्ये काढता येऊ लागले. फाट्यात फाटा म्हणजे ओळी आणखी आत सरकणार, आणि इथे गप्प बसणारी चूक फोफावली.

समजा, रात्री दार उघडलं तर दिवा लावायचा आणि फोनवर सूचना पाठवायची आहे. दोन्ही कृती ‘चूज’मधल्या एकाच फाट्याच्या पोटात हव्यात. सूचनेचा भाग डावीकडे सरकून खुद्द ‘चूज’च्या रांगेत आला तरी फाईल शुद्धच राहते. तपासणी पास, लाल रेघ नाही, लॉग कोरा. दिवा रात्रीच लागतो, सूचना मात्र दुपारी दूधवाला आला तरी वाजते.

अशा चुकीवर एडिटर काही बोलत नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालेलीच नसते. त्यावरचा इलाज २०२१ च्या एप्रिलमध्ये आला: ‘ट्रेस’. ऑटोमेशन चालून गेल्यावर ते कोणत्या फाट्याने गेलं, कोणती अट खरी ठरली, हे त्यात आकृतीतून टप्प्याटप्प्याने दिसतं. दुपारच्या त्या सूचनेचा ट्रेस उघडला, की ‘चूज’ची अट खोटी ठरलेली आणि तरीही खाली सूचनेचा टप्पा पार पडलेला दिसतो.

आज बरेच जण ऑटोमेशन पडद्यावरच रचतात. टेम्प्लेट आणि पॅकेजेससारखे भाग मात्र अजूनही हाताने लिहिले जातात. पडद्यावर स्पेस मोजायची गरज नाही, पण सूचनेचा ठोकळा ‘चूज’च्या बाहेर ओढून ठेवता येतोच. दुपारी फोन वाजतोच, आणि कारण शोधायला ट्रेसच उघडावा लागतो.