समुपदेशकाला सनद हवी असेल तर

मनोरुग्णांची सेवा करणारी शिकलेली मंडळी कायद्याच्या पदवीला नाव घालतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. वास्तविक हा रस्ता सरळ आहे. तलाक-खुलाचे प्रकरण, मुलांचा ताबा, आजारी भावाच्या वाट्याची मिळकत अशा गोष्टी समुपदेशकाच्या खोलीत रोजच निघतात. तासन्‌तास ऐकून घेतल्यावर ‘आता वकिलाकडे जा’ एवढेच त्याला सांगता येते. मग पुढचे कामही आपणच का करू नये, हा विचार मनात येतोच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे कामही वाढवले आहे. रुग्णाला आपला प्रतिनिधी नेमता येतो, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा त्याला हक्क आहे, आणि विम्यात शारीरिक आजाराला जे संरक्षण तेच मानसिक आजाराला दिले पाहिजे. इस्पितळात दाखल केल्याविरुद्ध पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. नागपूरकरांना याची किंमत कळायला हवी. हजरत बाबा ताजुद्दीन यांना १८९२ मध्ये येथील पागलखान्यात ठेवण्यात आले. रघूजीराजे भोसले यांच्या प्रयत्नांनी ते बाहेर आले १९०८ मध्ये! ज्याच्या पाठीशी राजा नाही, त्याने काय करायचे? तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण पळूही शकले नाहीत.

काम आहे, गरजही आहे. पण रोजीरोटीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि तोच बहुतेक जण मांडत नाहीत.

मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. हनीराज चुलानी यांनी डॉक्टरकी सांभाळून एलएल.बी. केले आणि १९९१ मध्ये सनदेसाठी अर्ज केला. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने तो नाकारला. दुसरा धंदा, व्यवसाय किंवा नोकरी करणाऱ्यास सनद नाही, असा कौन्सिलचा नियम आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये न्यायालयाने नियम उचलून धरला. वकिली हा पूर्णवेळचा व्यवसाय आहे, दोन्ही डगरींवर हात चालणार नाही, हे त्याचे सार. शल्यचिकित्सकाला जे लागू, ते मानसशास्त्रज्ञालाही लागू. शिकायला आडकाठी नाही. सनद घेताना मात्र क्लिनिकला कुलूप लावावे लागते.

म्हणजे जमलेले रुग्ण सोडायचे, आणि चाळिशीत कोणा ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करायची. आधी सीईटी, मग तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात ७० टक्के हजेरी, शेवटी अखिल भारतीय बार परीक्षा. नोंदणी शुल्काचा बोजा तेवढा हलका झाला आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण उमेदवारासाठी कायद्यातील ७५० रुपयांची मर्यादा पाळण्यास बार कौन्सिलांना बजावले. पण खरा खर्च शुल्काचा नसतो, सुरुवातीच्या तुटपुंज्या मिळकतीचा असतो. घरात दुसरी कमाई नसेल तर वर्षा-दोन वर्षांचा घरखर्च आधी बाजूला काढावा. कर्ज काढून, तेही व्याजाचे, हा उद्योग करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

सनदेशिवाय पदवी वाया जाते असेही नाही, किंबहुना अनेकांना तीच पुरेशी आहे. कायदा कळणारा समुपदेशक कौटुंबिक तंट्यात मध्यस्थी अधिक चांगली करील. सूरह निसामध्ये पती-पत्नीच्या वादात दोन्हीकडच्या माणसांतून एकेक पंच नेमण्याची शिकवण आहेच. मोहल्ल्यात असा पंच कायदा जाणणारा असला तर अर्धी प्रकरणे कोर्टाची पायरी चढणार नाहीत. विम्याचा नाकारलेला दावा, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, प्रतिनिधी नेमण्याचा कागद अशा कामांत रुग्णाच्या घरच्यांना वाट दाखवायलाही सनद लागत नाही. फक्त स्वतःला वकील म्हणवून घेता येत नाही आणि कोर्टात वकील म्हणून उभे राहता येत नाही.

नियमाला एक जुनी सवलत मात्र आहे: वकिलाला वकिली सांभाळून रोज तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. न्यायमूर्ती हिदायतुल्ला, जे १९६८ मध्ये देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश झाले, ते नागपुरात वकिली करत असताना येथील विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात शिकवतही होते. क्लिनिकला अशी सवलत नाही.